आठांतला एक

हातमोजा घातलेल्या बोटानं दिव्यानी फोन गप्प करायला गेली आणि तो गप्प व्हायच्या ऐवजी उचलला गेला. घडलं ते एवढंच. समोर पलंगावर बल्लारपूरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे गृहस्थ उपाशीपोटी, बाही वर करून, तोंड भिंतीकडे फिरवून बसले होते. सुई नुकतीच शिरेत बसली होती, नळीत रक्त चढू लागलं होतं, आणि अशा वेळी हात हलवता येत नाही. फोन ॲप्रनच्या खिशातून घसरून चादरीवर पडला होता. स्कुटीवरून घरोघर रक्ताचे नमुने गोळा करत फिरणारी बाई ती. हात कायम अडकलेले, म्हणून फोनचा स्पीकर कायम चालू. त्यामुळे तो आवाज खोलीभर झाला. आधी वारा. मग पत्र्याचे डबे एकमेकांवर आपटल्याचा खणखणाट. मग लांबून, खूप खालून आल्यासारखी, कुणाची तरी माडिया बोलीतली आरोळी. तिच्या तोंडून सवयीनं "हॅलो" गेलं, आणि त्या हॅलोनंतर एक क्षण, माणूस मान वळवतो तेवढाच, तिकडं काही नव्हतं. मग नवऱ्याचा, विनोदचा आवाज, पण तिच्यासाठी नसलेला. "खाली! सारे खाली!" आणि त्यामागून तापलेल्या खळ्यात तुरीच्या शेंगा तडकाव्यात तसं तडतड, तडतड. फोन बंद झाला.

"टीव्ही लागली का वं कुठी?" म्हाताऱ्यांनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"नाई बाबा. हात हलवू नका."

"मी कुठी हलवून राह्यलो? तुहाच हात हलून राह्यला."

तिनं सुई काढली, कापूस दाबला, नळीवर नाव लिहिलं, आणि मग नाव वाचून पाहिलं तर ते म्हाताऱ्यांचंच होतं, याचं तिला नवल वाटलं.

विनोदचा मिस्ड कॉल उचलायचा नसतो. कोयरमेट्टाच्या पोलीस ठाण्यावर तो गेला तेव्हापासूनचा हा नेम. तिथं सगळ्यांचे फोन साहेबांकडं जमा असत. पहारा बदलताना सकाळी ते हातात मिळायचे, आणि बायको असो की आई, एक घंटी वाजवून फोन परत द्यायचा. घंटी वाजली म्हणजे रात्र नीट गेली. बोलायचं ते रविवारी. "रोज बोललं का मन घरी जाते," विनोद म्हणायचा, "आनि मन घरी गेलं का डोळेही त्याच्या मागं जातेत. तिथं डोळ्यांचंच काम आहे." दिव्यानीला हे पटलं होतं. व्रतं तिला नवी नव्हती. सकाळ-संध्याकाळची वंदना, पंचशील, पौर्णिमा-अष्टमीचा उपोसथ, त्यात हे एक, घंटी ऐकायची आणि हात मागं ठेवायचा. ती घंटी वाजली की ती मनात "साधू" म्हणायची आणि पुढच्या घराची बेल दाबायची. आणि आज नेमक्या अष्टमीला, आठ शीलं घेतलेल्या दिवशी, तिनं ते मोडलं होतं. मोडलं म्हणजे काय, मोजा निसरडा होता. पण निसरड्या मोज्यानं तिकडं डोंगरावर एका माणसाची मान वळली असेल का? तिचं हॅलो त्याच्या कानात गेलं असेल का? तो क्षण, तो रिकामा क्षण, कशाचा होता?

रस्त्यावर येऊन तिनं स्कुटी चालू केली आणि बंद केली. परत फोन करायचा नाही. तिकडं आता कुणी पोत्यांच्या मोर्च्याआड दगडाला गाल लावून पडलेलं असेल, आणि त्याच्या खिशात तिचं नाव वाजायला लागलं तर. तिनं फोन डिकीत नमुन्यांच्या बर्फाच्या डब्याखाली ठेवला आणि किल्ली लावली, जशी काही स्वतःच्याच हाताची चोरी होणार होती. लांबवर वीज केंद्राच्या चिमण्या सकाळच्या पांढऱ्या उजेडात धूर सोडत होत्या. घुग्घुसकडून आलेले कोळशाचे ट्रक वळणावर खोळंबले होते आणि एक क्लीनर खाली उतरून दुसऱ्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होता. मे महिना. आठ वाजायच्या आत डांबर तापायला लागलेलं. या सगळ्यातल्या कुणालाही काही माहीत नव्हतं. या अख्ख्या चंद्रपुरात, कदाचित गडचिरोलीच्या मोठ्या कचेरीतही अजून कुणाला नसेल, पण तिला माहीत होतं की कोयरमेट्टावर गोळ्या सुटल्या आहेत. एवढं मोठं माहीत असलेलं माणूस रस्त्याच्या कडेला काय करतं? ती पुढच्या घरी गेली. तिथल्या बाईच्या हाताला दोनदा टोचावं लागलं.

"शीर नाई सापडत का?" बाई म्हणाली. "माही शीर तं कोनालेही सापडते."

"सापडली ताई, सापडली."

मेट्टा म्हणजे डोंगर, हे तिला इसरूनं सांगितलं होतं. इसरू त्याच भागातला, माडिया घरातला, विनोदच्याच तुकडीतला. वरून नदीवरचा नवा पूल दिसतो आणि छत्तीसगडकडे जाणारा एकुलता रस्ता दिसतो. जो वर बसला त्याचा रस्ता, म्हणून सगळ्यांना तो हवा. तिनं डोंगर कधी पाहिला नव्हता, पण विनोदच्या बोलण्यातून तो तिच्या डोक्यात इतका बांधून झाला होता की डोळे मिटून ती त्यावर चालू शकली असती. लाल मुरमाचा माथा, तीन बाजूंनी वाळूच्या पोत्यांचे मोर्चे, कुंपणाच्या तारेला लोंबकळणारे रिकामे डबे, कुणी तार हलवली की वाजावेत म्हणून. पाण्याचा ड्रम. उतारावर, कुंपणाच्या बाहेर, एक शेंदूर नसलेला साधा उभा दगड. तो इसरूच्या लोकांचा पेन, म्हणजे देव. ठाणं बांधलं तेव्हा देव आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा यावर बोलणं झालं होतं म्हणे, आणि इसरूनंच सांगितलं होतं, "त्याले तारेच्या आत नका घालू साहेब. तो कोंडून राहात नाई." तेव्हापासून इसरू रोज उजाडताच बूट काढून, बंदूक मित्राच्या हाती देऊन, तारेबाहेर जायचा आणि चिमूटभर तांदूळ ठेवून यायचा. साहेब रागवायचे, मग रागवेनासे झाले. परवाच्या रविवारी विनोद म्हणाला होता, "सध्या आठच आहो वर. बाकीचे पुलाच्या बंदोबस्ताले गेले." ती भाजी निवडत होती. ती म्हणाली होती, "आठ म्हंजे लय झाले." हे आठवून तिला आता भर रस्त्यात हेल्मेटच्या आत उकडलं. आठ म्हणजे लय झाले! जशी काही पंगतच बसणार होती.

नमुने लॅबमध्ये टाकून तिनं गडचिरोलीला फोन लावला. मोठ्या कचेरीत पत्रूभाऊ म्हणून विनोदच्या ओळखीचा एक हवालदार होता, तुकडीतल्या घरांची कामं पाहायचा. तो नेहमी "बोला वहिनी" म्हणून चहा प्यायल्यासारखा निवांत बोलायचा. आज तो नुसतं "हं" म्हणाला.

"पत्रूभाऊ, कोयरमेट्टा..."

"तुमाले कोनं सांगतलं?"

म्हणजे खरं होतं. आतापर्यंत कुठंतरी तिला वाटत होतं की तो नुसता वारा असेल.

"वहिनी, चालू आहे. लोक लय आहेत त्याईचे, शंभराच्या वर म्हनतेत. पोरं दबून बसली आहेत वर. हेलिकॉप्टर निघालं. तुमी फोन नका करू, मी करतो. आनि टीव्ही नका लावू."

घरी आली तेव्हा सासू, अंजनाबाई, टीव्हीच्या समोरच बसली होती. टीव्हीवर कुठल्यातरी लग्नाची मालिका चालू होती. दिव्यानीनं सांगितलं नाही. सांगायला शब्द लागतात, आणि तिच्याकडं होते ते सगळे त्या फोनमध्येच सांडले होते.

"आज लवकर आली वं?"

"नमुने कमी होते."

"तोंड काऊन असं झालं? ऊन लागलं का? बाराच्या आत दोन घास टाक पोटात. मंग तं तू पान्यावरच राह्यशील. तुहा उपोसथ तुले लखलाभ, पन चक्कर येऊन पडली तं मले उचलनं होनार नाई."

ती हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून, कोपऱ्यातल्या बुद्धमूर्तीसमोर बसली. मेणबत्ती लावली. पंख्यानं ज्योत आडवी व्हायला लागली म्हणून पंखा बंद केला, तर घाम गळू लागला. रोज ती शेवटी सगळ्यांचं भलं चिंतायची. आधी स्वतःचं, मग घरच्यांचं, मग ओळखीच्यांचं, मग न ओळखीच्यांचं, मग ज्यांचा राग येतो त्यांचंही. असं एकेक वर्तुळ मोठं करत जायचं असतं. लहानपणी विहारात शिकली तेव्हा तिला ते तळ्यात खडा टाकल्यासारखं वाटायचं. आज वर्तुळ विनोदशी आलं आणि तिथंच थांबलं. पुढं सरकेना. ओठ सगळ्यांचं नाव घेत होते आणि आतला जीव एकाच माणसाला दोन्ही हातांनी धरून बसला होता. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तिथंच. आणि जे झाडीतून गोळ्या झाडत होते, तेही कुणीतरी, कुणाचे तरी, त्यांचंही भलं व्हावं, हे तर तिला आज शब्दानंही जमेना. तिला स्वतःची भीती वाटली. इतकी वर्षं रोज म्हटलेलं हे आतपर्यंत गेलंच नव्हतं की काय. नुसतं ओठांच्या कडेला साचत आलं होतं, चहाच्या कपाला डाग धरतो तसं.

"अवं दिव्यानी!" बाहेरून सासूचा आवाज बदललेला आला. "अवं, इकडं ये. हे विनोदवालं तं नव्हं?"

मालिका संपून बातम्या लागल्या होत्या. खाली लाल पट्टी सरकत होती. गडचिरोलीच्या जंगलात डोंगरावरील पोलीस ठाण्यावर हल्ला, जवानांनी हल्ला परतवला, एक जवान शहीद. मग सोन्याचा भाव. मग पुन्हा गडचिरोली. नाव नव्हतं. सासूनं रिमोट छातीशी धरला होता आणि ती म्हणत होती, "एकच म्हनतेत नं? एकच नं? मंग आपला नाई. आठातला एक म्हंजे आपला कसा असंल?" आणि हे ऐकताना दिव्यानीला कळलं की आपणही केव्हाची हीच मोजणी करत आहोत.

त्यानंतरची दुपार तिला पुढं कधी नीट आठवता आली नाही. आठवायचं तेव्हा फक्त ते आठजण आठवायचे, एका ओळीत, आणि ती त्यांच्यासमोरून चालत जात आहे. एक जाणार होता, गेलाच होता. आता फक्त नाव लागायचं राहिलं होतं. "विनोद नसू दे" म्हणजे "दुसरा असू दे", हे तिला इतकं स्वच्छ दिसत होतं की त्यावर डोळे मिटता येईनात. बरं, मग कोण? साहेब? साहेबांना दोन लहान मुली. नको. तो घुग्घुसचा मुलगा, ज्याचं लग्न ठरलं होतं? नको. स्वयंपाक करणारा, जो विनोदला म्हणायचा, वहिनीच्या हातचं पातोडीचं वाटण मागवा? नको. ती एकेकाला नको म्हणत पुढं सरकत होती, आणि मनात म्हणत होती की मी सगळ्यांना वाचवते आहे. मग इसरूपाशी तिचे पाय थांबले. ती तिथं जरा जास्त थांबली. इसरूचं कसं, तो त्याच मातीतला. त्यांची माणसं रानात राहतात, जन्ममरण पाहतात, सोसतात, त्यांना सवय असते. हा विचार तिच्या मनात आला, पुरता, स्पष्ट, एखाद्या शिकल्यासवरल्या माणसाच्या आवाजात. आणि लगेच तिला तो आवाज ओळखीचा वाटला. तिच्या आजोबांच्या पिढीबद्दल गावातली माणसं असंच बोलत. यांना सवय असते. यांचं काय, हे सोसतात. आजोबांनी सत्तावन्न साली गाव सोडलं ते याच एका वाक्यापायी, असं आजी सांगायची. त्याच वाक्यानं आज तिनं आपला नवरा वाचवायला घेतला होता. ती उठून मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारलं. पाणी टाकीतलं, उकळल्यासारखं गरम.

इसरूची बायको सोमारी. दोन वर्षांपूर्वी विनोद धानोऱ्याला होता तेव्हा दोन्ही घरं एकाच चाळीत, भिंतीला भिंत. सोमारीनं तिला मोहफुलं तव्यावर भाजायला शिकवलं, तिनं सोमारीला गॅस पेटवायला. सिकलसेलच्या तपासणीसाठी तिनंच सोमारीचं रक्त काढलं होतं. सोमारी न घाबरता नळीकडं पाहत राहिली आणि म्हणाली होती, "एवढंसं पाहून तुमाले माह्या आंगातलं सारं समजते का? मंग इसरूचंही काढा नं. तो रात्री काऊन झोपत नाई, ते पाहा." दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

ऊन कललं तेव्हा पत्रूभाऊचा फोन आला. सासू पलंगावर उठून बसली. तिनं पदर तोंडात धरला.

"वहिनी, विनोद ठीक आहे. ऐकलं का? ठीक आहे. खांद्याले छर्रा लागला, हेलिकॉप्टरनं आनला. बोलून राह्यला, पानी मागून राह्यला."

तिनं सासूकडं बघून मान हलवली. सासूनं रडायला सुरुवात केली. दिव्यानीच्या अंगातून काहीतरी इतक्या जोरात निघून गेलं की तिला हसू आलं. खरंच हसली ती. मग विचारलं, कारण विचारणं भाग होतं.

"कोन गेलं?"

"इसरू. सकाळी तो त्याच्या देवाकडं गेला होता नं, तारेच्या बाहेर. त्यालेच दिसले पयले. तो वर पळत आला असता तं वाचला असता. पन वर हे सारे पहारा बदलत, हातात फोन घेऊन उभे होते. तो तिथूनच ओरडला. त्याच्या ओरडन्यानं हे सात खाली झाले. ठानं वाचलं वहिनी."

हातात फोन घेऊन उभे होते. म्हणजे ती आरोळी इसरूची होती. तिनं ऐकली होती, नमुने घेता घेता, एका म्हाताऱ्याच्या खोलीत. त्या आरोळीनंतरचा तो रिकामा क्षण तिच्या हॅलोचा होता की नव्हता, हे आता कुणाला विचारायचं नव्हतं. विनोदलाही नाही.

"त्याच्या घरी?"

"पथक निघालं. पन रस्त्यात झाडं तोडून आडवी टाकली आहेत, गाव आतमदी आहे, अंधार होईन. तोवर तुमी कोनाले बोलू नका. वरून सांगतलं आहे तसं."

बोलणार नाही, असं ती म्हणाली. फोन ठेवला. सासू मूर्तीसमोर गुडघे टेकून बसली होती आणि विझलेली मेणबत्ती पुन्हा पेटवत होती. दिव्यानीला तिथं जाववेना. ती मागच्या पडवीत दोरीवरचे कपडे काढायला गेली. कपडे कडक वाळले होते. विनोदचा एक सदरा हातात होता तेव्हा फोन पुन्हा वाजला, आणि पडद्यावर सोमारी असं नाव होतं.

हा उचलायचा नसतो, असा कुठलाच नेम नव्हता.

"बाई?" सोमारीचा आवाज वाऱ्यात तुटत होता. तेंदूपत्त्याचे दिवस, ती पहाटे रानात जाऊन पानं तोडून आली असणार. मागून पानं एकावर एक रचून पुडे बांधल्याचा सरसर आवाज येत होता. "बाई, तुमाले काही समजलं का? इथी पानं मोजाच्या फडीवर मुनशीच्या मोबाइलमदी दाखवून राह्यले. एक गेला म्हनतेत. मी टेकरावर चढून आली, इथीच रेंज येते. पानंही संगंच आनली, रिकाम्या हातानं बसवत नाई."

"हं," दिव्यानी म्हणाली.

"तुमी आयका आधी. मले एक सांगाचं आहे, मंग तुमी सांगा. राग नका मानू बाई." सरसर चालूच होती. "मी सकाळपासून पेनाले म्हनून राह्यली, एक घेतलाच असंल तं घे, पन माहा सोडून घे. माहा सोडून. तुमचं नाव नाई घेतलं म्या. विनोदभाऊचं बी नाई घेतलं. मले आठवलं होतं, तरी नाई घेतलं. तुमी मले गॅस शिकवला, आन् म्या तुमचं नाव नाई घेतलं."

दिव्यानीनं सदरा दोरीवर परत टाकला. खाली पडला तो, तिला उचलायचं भान नव्हतं. पत्रूभाऊला तिनं शब्द दिला होता. अंधार पडल्यावर गावात गाडीचे दिवे येतील, बुटांचा आवाज येईल, कुणीतरी नाव पुकारेल आणि टोपी काढेल. सोमारीला ते आधी बुटांवरून कळेल.

"मीबी नाई घेतलं, सोमारी," ती म्हणाली. "इसरूभाऊचं. मीबी नाई घेतलं."

तिकडं सोमारी हसली, हलकं झाल्यासारखी, धानोऱ्याच्या चाळीत हसायची तशी.

"मंग झालं तं! दोघी सारख्याच. मी उगीच जिवाले खाऊन राह्यली." पानं पुन्हा सरसरू लागली. "आता सांगा. विनोदभाऊ कसा आहे?"

विनोद बरा आहे, एवढंच खरं उत्तर होतं. पण त्याच्यामागं दुसरं उभं होतं, आणि पहिलं बोललं की दुसरं आपोआप बोललं जाणार होतं. दिव्यानीनं भिंतीला पाठ टेकली. भिंत दिवसभराच्या उन्हानं तापलेली होती.

"सोमारी," ती म्हणाली, "तुह्या जवळ आता कोन आहे? त्याईले आवाज दे. तुह्या जवळ बसव."

तिकडं पानांचा आवाज थांबला.